चरबीवर पळणारा माणूस

एडनडेल,
५ एप्रिल

प्रिय सिसी नोमाखोसी,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि भाओजींचा खोकला गेला का, ते कळव. इकडे सगळे ठीक आहे. (हे सवयीने लिहिले. पुढचे वाचून तूच ठरव.)

तुला माहीतच आहे, समुद्रापर्यंतची ती मोठी शर्यत मी नऊ वेळा पुरी केली. दहावी झाली की छातीवरचा क्रमांक जन्मभर आपला. नऊही वेळा माझी ह्लेंगिवे अर्ध्या वाटेवरच्या वळणावर उभी असायची आणि मी तिच्या हातातले खाऊन, न बोलता पुढे जायचो. ऑगस्टमध्ये ती गेली. यंदा त्या वळणावर कोण, हे मी कोणाला विचारले नाही. तेवढ्यात क्लबातल्या एका हडकुळ्या माणसाने सांगितले, की मका, पाव, भात, बटाटा, साखर सोडली की सहा आठवड्यांत शरीर स्वतःचीच चरबी जाळायला शिकते, मग वाटेत कोणी भरवायला लागत नाही. मला एवढेच ऐकायचे होते.

सात आठवडे झाले, शरीर काय शिकले ते मला अजून कळलेले नाही. अवाकाडो हे फळ चालते, केळे हे फळ चालत नाही. भोपळा चिमूटभर चालतो (चिमूटभर भोपळा कसा घ्यायचा?). आंबट दुधावरून क्लबात दोन तट आहेत आणि मी दोन्हीत आहे. सकाळी अंडी, दुपारी सुके मांस, संध्याकाळी कॉफीत लोणी. सुरुवातीला डोके असे जड झाले की कामावर पाणी तपासायच्या बाटल्यांवर मी एकाच नमुन्याचे नाव दोनदा लिहिले आणि दोन्ही नावे वेगळी निघाली. ह्लेंगिवेची आई, आपली गोगो, माझ्याकडेच आहे. ती रोज मक्याची उकड करते आणि मी रोज ताट सरकवतो. परवा म्हणाली, "जावईबापू, गाय मक्याची ताटं खाते, तुम्ही गाय खाता. मग मक्यानंच तुमचं काय घोडं मारलंय?" शेजारणीला मात्र ती हळू आवाजात सांगत होती, "लेक गेली त्या दिवशी हा मुकाट्यानं जेवला. आता रुसलाय."

मोठ्या शर्यतीत नाव घालायचे तर आधी एक बेचाळीस किलोमीटरची शर्यत वेळेत पुरी करून दाखवावी लागते. ती गेल्या रविवारी होविकजवळ होती. मी नेहमीप्रमाणे गात्शेनीच्या बसमध्ये होतो. (भाओजींना सांग, ही चाकांची बस नव्हे. चाळीसेक माणसे एका म्होरक्यामागे गात पळतात आणि तो म्हणेल तेव्हाच चालतात.) अठ्ठाविसाव्या किलोमीटरला लोण्याने आपले काम केले आणि मला झाडामागे जावे लागले. "नोंदाबा, बस थांबत नसते हां!" गात्शेनी माझे कुळनाव घेऊन ओरडला. मी बाहेर आलो तेव्हा पुढे गाणे ऐकू येत होते आणि आमच्या क्लबाचे लाल कपडे दिसत होते. मी धावत जाऊन गाठले आणि मागे लागलो. बस हळू चालली होती, याचे मला बरे वाटले. बायका फार होत्या. घागरे लांब होते, पण मी म्हटले थंडी आहे. डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला वळलो तेव्हा वाटले, गात्शेनीला जवळची वाट सापडली असेल. फाटकातून आत गेलो, सगळे थांबले आणि मीही थांबलो. समोर चादरीखाली झाकलेला दगड होता.

चर्चच्या लाल पोशाखातल्या बायकांची मिरवणूक होती ती, कोणा झुंगुबाईंच्या थडग्यावरच्या नव्या दगडाची चादर काढायला निघालेली. मी आखूड चड्डीत, छातीवर क्रमांक लावून, अगदी पुढे उभा होतो. निघून जायला हवे होते. पण चादर ओढली, दगडावर बाईंचे नाव दिसले आणि मला रडू आले. साधे नव्हे सिसी, हुंदके. ह्लेंगिवेच्या वेळी तू माझ्याजवळच होतीस, तुला ठाऊक आहे मी कसा बसलो होतो. मागे झुंगुबाईंची मुलगी कुजबुजली, "मावशी, चड्डीतला तो कोण गं? आईचा कोण लागतो?" मावशी म्हणाली, "गप बस. मेलेल्या माणसाचं आता काय काढायचं!" मग झुंगुबाईंचा नवरा स्वतः जवळ आला आणि त्याने हळूच विचारले, "तुमची तिची ओळख कधीपासूनची?" मी खरे तेच सांगितले, "अठ्ठाविसाव्या किलोमीटरपासून." त्याने माझ्या छातीवरचा क्रमांक वाचला आणि माझ्या हातात वाफेवरच्या पावाचा जाड तुकडा ठेवला. अशा ठिकाणी नाही म्हणत नाहीत. मी सात खाल्ले. शर्यतीची वेळ तोवर संपून गेली होती.

भाओजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
भेकुमुझी

ता. क. १ : शेवटची पात्रता शर्यत दोन मेला तुझ्या लेडीस्मिथलाच आहे. सहज कळवतो.

ता. क. २ : तिसाव्या किलोमीटरला पुलापाशी सावली आहे. गुडघा बरा असला तर तिथे उभी राहशील का? काही आणू नकोस, माझे शरीर आता शिकले आहे.

ता. क. ३ : वरचे शेवटचे वाक्य खोड. आण. काय आणू म्हणून मात्र विचारू नकोस, तिने कधी विचारले नाही.