कुळथाने न विरघळलेला खडा

अल खोर, कतार
१५ मार्च २००४

ती. मुक्ताक्कास धाकट्या बाजीरावाचा दंडवत.

इकडे मी धडधाकट आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढचं वाचून काय ते तूच ठरव. दाजींचा गुडघा कसा आहे? हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. मी जाड झालोय एवढंच सांग, तिचं पोट भरेल.

तर अक्का, दोन महिन्यांपूर्वी लघवी लाल झाली. कॅम्पात बारा जणांत एक संडास, त्यामुळे ही बातमी माझ्या एकट्याची राहिली नाही. आमचा पाइपफिटर जाफर (रत्नागिरीचा, स्वतःला अर्धा हकीम समजतो) म्हणाला, मुतखडा. झालं! डॉक्टरकडे जावं तर कंपनी ‘अनफिट’ म्हणून घरी पाठवेल ही धास्ती, म्हणून मी मान जाफरच्याच हाती दिली. त्याच्याकडे गावचे कुळीथ होते. सकाळी कढण, संध्याकाळी कढण, साइटवर थर्मासात कढण. सहा आठवडे इतकं ढोसलं की बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना. रोज सगळी खोली विचारायची, पडला का? जसं काही माझं पहिलं बाळंतपण. शेवटी वेल्डिंग करताना कमरेत अशी कळ आली की स्कॅफोल्डिंगवरच बसलो. फोरमनने ‘यल्ला, यल्ला’ (म्हणजे चल, चल) करत गाडीत घातलं आणि दोहाला नेलं.

सोनोग्राफीवाला पडद्याकडे बघत यंत्र पुन्हा पुन्हा तिथेच फिरवू लागला. खडा केवढा आहे, मी विचारलं. तो म्हणाला, खडा नाहीच. दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड, द्राक्षांच्या घडासारखे. (यंदा आपल्याकडे द्राक्षं बरी आली का?) सुदानी डॉक्टर भला माणूस, मोडकं हिंदी बोलतो. म्हणाला, हे फोड जन्माचे, हळूहळू वाढतात. पण डावीकडचा एक वेगळा दिसतोय. आत रक्त साकळलं असेल, नाहीतर कॅन्सर असेल. या आजारात कॅन्सर होतोच असं नाही म्हणे, पण एवढ्या फोडांत तो लपून बसला तर सापडणं अवघड. म्हणून एमआरआय करायचा.

त्या मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. केरळी ब्रदर म्हणाला, कमरेची साखळी काढा. माझा चांदीचा करदोडा! मी नाही म्हणालो. करदोडा कधी उतरवतात हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? मी आजवर एकच उतरलेला बघितलाय, अण्णांचा, तिरडीवर ठेवताना. अर्धा तास हुज्जत घातली, मागे रांग लागली. शेवटी त्याने बँडेजची पट्टी माझ्या कमरेला गुंडाळून गाठ मारली आणि हात जोडले. तसा पट्टीचा करदोडा घालून आत गेलो. आत खडखडाट नुसता, आणि मला सारखे अण्णाच दिसत होते.

रिपोर्ट बुधवारी आहे. तोवर काय करू सांग. जाफर अजून कढण घेऊन मागे लागतो. चाळिशीचा बाप्या मी, लिहायला लाज वाटते, पण भीती वाटते गं.

दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
बाजीराव

ता. क. : जाफर सुटीवर निघालाय, पत्र त्याच्याकडेच देतोय, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. रिपोर्ट आला. कॅन्सर नाही! रक्तच साकळलेलं होतं. मी दवाखान्यात रडलो, जाफर माझ्याहून मोठ्याने रडला. आता मीठ कमी, वरचेवर तपासणी आणि कढण खलास.

ता. क. २ : खरं पत्र इथून पुढे. हा आजार आईबापाकडून येतो. अण्णा याच्यानेच गेले असणार. निम्म्या लेकरांना येतो असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा मला बरंच वाटलं. आपण दोघंच. मला आला म्हणजे तू सुटलीस. तालुक्याला येऊन तू जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केलीस, तसं हेही सगळं माझ्याच नावावर चढलं, असा माझा हिशोब. डॉक्टर म्हणाला, तसं नसतं, प्रत्येक लेकराचं नशीब वेगळं. या आजारात बीपी लवकर चढतं म्हणे, आणि तुझं तर चाळिशीतच चढलंय. अक्का, तू सही करत होतीस तेव्हा मी ‘राहू दे’ म्हणालो नाही, खाली मान घालून बसलो. याच्यातला तुझा वाटा घेता आला असता तर मागून घेतला असता. पण याचं हक्कसोड होत नाही. पत्र मिळेल त्याच दिवशी मिरजेला जा आणि सोनोग्राफी करून घे.