संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे

३ मार्च
बँकेतल्या पेनाची दोरी जेमतेम वीतभर आहे. या अन्यायाची नोंद कुठेतरी राहायलाच हवी! सही करायची तर काउंटरला नाक टेकवावं लागतं — बावन्नाव्या वर्षी भाषेत पीएच.डी. करणाऱ्या माणसाला! गेल्या वर्षी मेहुण्यांच्या कर्जाला जामीन राहिलो, तेव्हाही असाच वाकलो होतो. 'जावईबापू, नुसती सही हो! तुम्हाला काडीची तोशीस नाही.' कागदावर चिकटवायच्या तिकिटाला सुटे नव्हते त्यांच्याकडे. शिपायाकडून उसने घेतले.

६ मार्च
प्रबंधाचा विषय बदलला. आता बँकेची मराठी. काय खजिना आहे! ठेव 'परिपक्व' होते — आमच्या घरात अजून कोणी झालेलं नाही. 'अनुत्पादक मालमत्ता' मोठ्याने वाचलं, तर बायकोने माझ्याकडे पाहिलं.

९ मार्च
'तारण'. जे तारतं ते, असं मी धरून चाललो होतो. बँकेतल्या मॅनेजरबाई हसल्या. 'तारतं ना सर. आम्हाला.'

१० मार्च
मेहुण्यांचा फोन बंद.

१३ मार्च
माझ्याच जामीनपत्राची प्रत मागून आणली. अभ्यासाला म्हणून. कलम सात — 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे'. दोन उलटे शब्द आणि मध्ये 'आणि'! बाईंना अर्थ विचारला. या वेळी हसल्या नाहीत.
'म्हणजे दोघांपैकी जो सापडेल, त्याच्याकडून पूर्ण.' मग म्हणाल्या, 'सर, तुमचा पत्ता तोच आहे ना?'
तोच आहे. 'जामीनदाराची मालमत्ता' या रकान्यात माझ्याच अक्षरात घराचा पत्ता आहे. मला वाटलं होतं, पत्रव्यवहारासाठी विचारतायत.

१४ मार्च
बायकोला सांगितलं. 'दादा तसा नाही.' भाजी चिरत राहिली. चिरून झाल्यावर — 'घर तुमच्या एकट्याच्याच नावावर ना?'
हो. याच वाक्यावरून वीस वर्षं भांडलो. आज भांडली नाही.

१७ मार्च
मेहुण्यांच्या घरी जाऊन आलो. कुलूप. दारातलं पायपुसणंसुद्धा नेलंय.

१८ मार्च
मेहुण्यांच्या थकलेल्या हप्त्यांपायी माझ्या घराबद्दलची नोटीस मिळाल्याची सही करायला बँकेत बोलावलं. वाकलो. निघताना शिपाई जिन्यापर्यंत मागे आला. संकोचत म्हणाला, 'साहेब, पाहुण्यांकडे तेवढे तिकिटाचे पैसे राहिलेत. ते काही सापडत नाहीत, म्हणून...'
दिले. पूर्ण.