माशी आत येऊ नये म्हणून

आई, आज दुपारी माझ्या घरात एक माशी शिरली. बारामतीच्या या तिसऱ्या मजल्यावर सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, फरशी रोज फिनेलने पुसते, आंब्याच्या साली पिशवीला गाठ मारल्याशिवाय टोपलीत टाकत नाही, तरी ही बया शिरली कुठून कोण जाणे. मी पंचा घेऊन तिच्यामागे लागले, दम लागला तेव्हा खुर्चीत बसले आणि मग रडायलाच लागले. एवढ्याशा माशीपायी कुणी रडतं का? म्हणून तुला लिहायला घेतलं. तुला जाऊन बारा उन्हाळे झाले.

पळसदेवच्या आपल्या घरात उन्हाळा म्हणजे माश्याच. धरणाचं पाणी मागे सरायचं, काठाचा चिखल उघडा पडायचा, गोठा तर अंगणातच, आणि शेजारची मावशी दारापुढच्या बाजेवर मासळी वाळत घालायची. माश्यांना आणखी काय हवं? तुझी मात्र एक तऱ्हा होती. जेवणं झाली की मागच्या खिडक्या लावून घरात पार अंधार करायचा, पुढचं दार तेवढं सताड उघडं ठेवायचं. मग तुझं जुनं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरायचं आणि चुलीपासून झटकत झटकत दाराकडे यायचं. माश्या उजेडाकडे पळतात. "सावकाश चल गं, त्या बग मागं राह्यल्या," तू म्हणतेस. उंबऱ्यापाशी शेवटचा झटका बसतो आणि मी दार लावून कडी घालते. मग गार फरशीवर आपण दोघी आडव्या होतो.

नऊ-दहा वर्षांची असताना मी एकदा कडी काढली नाही. बाहेरून मावशी हाक मारत होती, "बाई, हायीस का?" तिच्या हाताला मासळीचा वास, मागे माश्यांचं लटांबर. मी आतूनच सांगितलं, आई झोपलीय. तू न्हाणीतून ते ऐकलंस. पाठीत एक धपाटा घातलास आणि तापलेल्या मातीतून अनवाणी धावत जाऊन तिला हाताला धरून आणलंस. ती तासभर बसली, दोघी खिदळत होतात. ती गेल्यावर तू लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलंस. "माश्या काय, परत हाकलू. मानूस दारातनं परत लावलं, तर ते लुगडं झटकून आत येतंय व्हय?"

हे मला माहीत होतं, आई. विसरले होते असं म्हणायची सोय नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात तुझी उजवी बाजू गेली. मी रजा टाकून आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीच्या जखमेवर माशी बसू देऊ नका. पहिल्याच दिवशी पाणी भरून आत येते तर तुझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी चालतेय, आणि तुझा डावा हात उचलतोय पण तिथवर पोचत नाही. मला ते बघवलं नाही. लुगडं धरायला दुसरं माणूस नव्हतं. भिगवणहून माणूस बोलावून मी जाळीचं दार बसवलं, स्प्रिंगचं, सोडलं की आपोआप लागणारं. दोन दिवसांत घरात औषधालाही माशी उरली नाही. काय मिरवलं मी ते दार!

दुपारी मावशी आली, काखेत पाटी. मी जाळीआडूनच म्हणाले, "मावशी, आत्ता नको. दार उघडलं की शिरत्यात. आईला जखम हाय."

"हात धुऊन येऊ का मग?"

"संध्याकाळी या."

संध्याकाळी तिची जाळी पाण्यात सोडायची वेळ, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने दाराच्या जाळीला कपाळ टेकवून तुझी खाट बघायचा प्रयत्न केला, पण उन्हातून आतला अंधार काही दिसत नाही. ती गेली. असं दोनदा झालं.

तू वाकड्या ओठांनी विचारायचीस, "ती आली न्हाय?" मी म्हणायचे, "न्हाय." एके दिवशी तू म्हणालीस, "रुसली असंल." मग डाव्या हाताने ट्रंक दाखवलीस. उघडली तर वरच कोरं हिरवं लुगडं होतं. "तिला दे. म्हनावं, माझं काय चुकलं असंल तर पोटात घाल." तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी मान हलवली. तेव्हा उठून शेजारी जायला किती लागलं असतं, वीस पावलं. उद्या जाऊ म्हटलं. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तुला बाहेर काढताना ते दार सारखं मिटत होतं, म्हणून पुरुषांनी ते बिजागरीतून उचकटून अंगणात टाकलं. घरभर माश्या झाल्या. कुणी हाकलल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर मावशी उभी होती, हात कोपरापर्यंत धुतलेले, अजून ओले. तिने मला विचारलं, "आता येऊ का आत?"

वर मी "असं दोनदा झालं" असं लिहिलं, ते खोटं आहे. ती तीन आठवडे रोज येत होती. पुढे पुढे पाटी घरी ठेवून, राखेने हात घासून यायची. त्याही हातांना मी दार उघडलं नाही.

लुगडं माझ्या कपाटात आहे. दर उन्हाळ्यात बाहेर काढते, कडुलिंबाचा पाला बदलते, परत ठेवते. ते द्यायचं तर तू माफी कशाची मागितलीस हेही सांगावं लागेल. हे पत्रही त्याच घडीत ठेवणार आहे. मावशी अजून आहे, पण दृष्टी गेली. गेल्या वर्षी पळसदेवला गेले तेव्हा तिने आवाजावरून मला ओळखलं. हात चाचपत विचारलं, "शेवटाला तिनं माझी आठवन काढली व्हती का गं?"

मी म्हणाले, "न्हाय मावशी. तिला सुदच नव्हती."