छापील पुरावा

मांडवी, रत्नागिरी
१० डिसेंबर १९८४

तीर्थरूप आईस,
शेवंतीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, वसतिगृहात पोटभर जेवते. तुझा खोकला थांबला का?

इतिहासाच्या सरांनी महत्त्वाच्या घटनेवर निबंध लिहायला सांगितलाय. सात वर्षांपूर्वी बाबांचा मचवा बुडाला, तीच घटना मी निवडली. कारणं, घटना, परिणाम असे भाग पाडले. परिणामांत पहिलंच लिहिलं, बाबा सापडले नाहीत, आई अजून कुंकू लावते.

सर म्हणाले, छापील पुरावा हवा. वाचनालयात त्या मे महिन्याची सगळी वर्तमानपत्रं चाळली. आंब्याचे भाव रोज आहेत, मचव्याबद्दल एक ओळ नाही. शेवटी विषय बदलला.

तू कुंकू लावत राहा, आई. कागदोपत्री आपल्याकडे काहीच घडलेलं नाही.

तुझी लेक,
शेवंती