सावरीच्या कापसावर आलेलं बालंट

वाशीम,
चैत्र, १९५७

प्रिय देवला,

तुझी आई चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि थापता थापता सहज एक गोष्ट बोलून गेली. त्या घडीला माझं सगळं उलटंपालटं झालं. सोनीकाकीला त्यातलं काहीच कळलं नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “दूध घेतं का रे उदयसिंग?” तुम्ही सगळे ज्याला भडक माथ्याचा म्हणता, त्या मी ते दूध मुकाट्यानं पिऊन टाकलं. ती काय बोलली ते सांगतोच, पण आधी मागचं लिहू दे. नाहीतर तू म्हणशील, उदयसिंगनं पुन्हा काहीतरी डोक्यात घेतलं.

तुझ्याच खोलीत बसून लिहितो आहे. तुझे घरमालक पन्नालालशेठ यांनी कुलूप काढून दिलं. ‘मास्तर शायेतून येतीलच, बसा,’ म्हणाले आणि दुकानात गेले. खोली चांगली आहे. खिडकीतून बाजार दिसतो. खुंटीवर तुझा नवा कोट आहे. अमरावतीला कॉलेजात आपण दोघांत एक कोट वापरायचो आणि ज्याची तोंडी परीक्षा असेल तो घालायचा, ते आठवलं. मी कॉलेज सोडून निघालो तेव्हा तूच स्टेशनवर आलास. “इंटर तरी होऊ दे, पोरगी कुठी पयून चालली का?” म्हणालास. पळून नव्हती चालली. तिला देऊन टाकायचं ठरत होतं. हिरीच्या बापानं, किसनसिंग नायकानं, दिग्रसकडचं स्थळ पाहिलंय ही खबर मला तुझ्याच तोंडून कळली होती, देवला. म्हणून तर मी आलो.

आपल्या तांड्याचा रिवाज तुला मी काय सांगावा. पाहुणे सकाळी येतात, दिवस कलताना पंचांपुढे लग्न ठरल्याचा गूळ फुटतो. गूळ खायच्या आधी कुणीही उभं राहून बोलू शकतं. एकदा तो तोंडात गेला की बोलणं संपलं, मग बापाचाही शब्द फिरत नाही. हिरी मला विहिरीवर एवढंच म्हणाली होती, “तू पंचाइतीत उभा राह्यला त मी बोलतो. तू नसला त मी एकटी कोणाच्या भरोशावर बोलू?” मी म्हटलं, मी असेन. नायकानं मला तांड्यात पाऊल टाकायला बंदी केली होती, म्हणून मी दरीपलीकडच्या जंगलातल्या कूपात लाकूडतोडीवर जाऊन राहिलो. पाहुणे कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस पाठवला तर तो दरी उतरून माझ्याकडे येईपर्यंत दुपार व्हायची, आणि मी पोहोचेपर्यंत गूळ संपलेला असायचा. धूर मात्र क्षणात दिसतो. म्हणून टेकडीवर धूर करायचं ठरलं. तो करणारा तू होतास, कारण तुला अजून मास्तरकी लागली नव्हती, तू तांड्यातच होतास, आणि माझा भरवसा तुझ्यावर होता.

सामान मी स्वतः दिलं, आठवतं का? काडेपेटीवर विसंबू नको, थंडीत धुकं आलं की तिच्या काड्या नुसत्या खरवडत बसाव्या लागतात, असं बजावलं होतं. सावरीची बोंडं उकलायच्या आत वैशाखात उतरवली होती. त्यातला कापूस पिंजून पळसाच्या राखेच्या पाण्यात बुडवला आणि सावलीत वाळवला. साधा कापूस ठिणगी खातो आणि विझतो. राखेचा कापूस ठिणगी धरून आतल्या आत पसरत जातो, वारा आला तर उलट जोरानं. तो बांबूच्या नळीत ठासून भरला, तोंडाला मेण लावलं. सोबत गारगोटी, चकमक, सुगरणीचा वाळका खोपा आणि सालईच्या डिंकानं माखलेल्या ढलप्या, कारण त्या ओल्यातही पेटतात. ठिणगी कापसावर पाड, कापूस खोप्यात ठेव, तोंडापाशी धरून हळू फुंक, जाळ झाला की ढलप्या आणि मग वर ओला पाला. तुझ्याकडून तीनदा करून घेतलं. तू हसलास. “लेका, रूपलाबाबाचा आत्मा घुसला तुयात,” म्हणालास. माझा आजा रूपलाबाबा मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांबरोबर हिंडलेला. मुक्काम पडला की बैलांच्या आधी विस्तवाचं पाहायचा. त्याच्याकडून शिकलेली ही एकच गोष्ट मला नीट येते, आणि तीच मी तुझ्या हातात दिली होती.

माघात तो अवकाळी पाऊस झाला. पहाटेपर्यंत कोसळला आणि उजाडता उजाडता उघडला. मी दिवसभर टेकडीकडे पाहत होतो. तिथं काही नव्हतं. खाली तांड्यात तेवढा एका घराच्या छपरातून धूर वर येत होता. मी मनात म्हटलं, कुणाची तरी चैन आहे, गरम च्या चालला असेल. दुसऱ्या दिवशी तू कूपात आलास. डोकं खाली घालून म्हणालास, “काल गूळ झाला, उदय. मी टेकडीवर गेलतो. पन तुया कापूस ओला होऊन गेला, ठिणगीच धरे ना.”

मी तुझ्या गळ्यात पडून रडलो. त्याची मला आता सगळ्यात जास्त चीड येते.

त्यानंतर मी काय केलं ते तुला माहीत नाही. मी तुला दोष दिला नाही, त्या कापसाला दिला. मेण पातळ लागलं असेल, राख कमी पडली असेल, बांबूला चीर असेल, असं रोज काहीतरी सुचायचं. काम सुटलं की नव्या नळ्या करायच्या, पाण्यात टाकायच्या, सकाळी काढून पेटवायच्या. शेणकुटाचा चुरा पाहिला, शिंदीचा काथ्या पाहिला, जुन्या धोतराची जाळून काळी केलेली चिंधी पाहिली. शेणकूट विस्तव टिकवतं पण ठिणगी धरत नाही. काथ्या जाळ पकडतो, ठिणगी नाही. चिंधी चांगली, पण दमट हवेत रुसते. मजूर हसायचे. आमचा मुकादम जानराव तर रोज विचारायचा, “काहून रे कॉलेजवाल्या, आज कोन पास झालं, कोन नापास?” मी म्हणायचो, सावरीचा कापूस पास. एक नळी ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उघडली. पहिल्याच ठिणगीला कापूस लाल झाला. तेव्हासुद्धा, देवला, तेव्हासुद्धा माझ्या मनात तू आला नाहीस. मला वाटलं, मीच तुला नीट शिकवलं नाही. देवला बिचारा माझ्यासाठी घाबरला असेल.

मग होळी झाल्यावर मी ती नळी पाहायला तुमच्या घरी गेलो. हिरी सासरी गेली होती, आता नायकाला माझी भीती उरली नव्हती. मी काकीला विचारलं, देवलाजवळ माझी बांबूची नळी होती, कुठं आहे? आणि ती भाकरी थापत म्हणाली, “अरे, तुया कापसानंच त त्या दिवशी तांड्याची इज्जत राखली पोरा! पावसानं साऱ्यांच्या काड्या भिजल्या, चुली इझल्या. नायकाच्या घरी पाव्हणे येऊन बसले आन च्या ठेवाले इस्तव नाही. मंग आमच्या देवलानं तुई नळी काढली. एका ठिणगीत चूल पेटवली त्यानं! पाव्हणे म्हनत, पोरगा मोठा हुशार हाय. हिरी तितंच बसेल होती. धुरानं डोये असे झोंबले तिचे, पानी थांबेच ना.”

म्हणजे मी पाहिलेला धूर तोच होता.

का केलंस? मी कुऱ्हाड घेऊन येईन आणि पंचाइतीत रक्त सांडेल अशी भीती वाटली तुला? की नायकानं पाठीवर हात ठेवला आणि तुला नाही म्हणता आलं नाही? भीती वाटली असेल तर तसं सांगायचं होतंस. मी शिव्या दिल्या असत्या, तुझी कॉलर धरली असती, पण तू माझा राहिला असतास. नाही पेटवला म्हणाला असतास तरी मी गिळलं असतं. पेटला नाही, हे का म्हणालास? माझ्या कापसावर बालंट का आणलंस? महिना-दीड महिना मी ओढ्याकाठी बसून स्वतःचीच चूक शोधत होतो, आणि तू इथं पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत होतास. हिरीलाही वाटत असेल की धूर झाला आणि मीच आलो नाही. की तिनं तुला चूल पेटवताना पाहिलं आणि तिला सगळं कळलं? यातलं काय बरं, मला ठरवता येत नाही. तिला आता विचारताही येत नाही.

आज मी इथं भांडायला आलेलो नाही, म्हणजे निघताना इरादा तोच होता. काल कूपात एक म्हातारा मला शोधत आला. सोबत त्याची बायको गोमतीबाई आणि झाडामागं उभी असलेली त्यांची पोरगी, भुरी. म्हातारा म्हणाला, “तुमी देवलामास्तरचे जिवाचे सोबती. शिकले-सवरले. आमी पोरगी देऊन राह्यलो. खरं सांगा, मानूस भरोशाचा हाय का?” एका शब्दाचं काम होतं. तो शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मग त्या पोरीनं झाडाआडून माझ्याकडे पाहिलं. तिला तू हवा आहेस, देवला. माझं तोंड उघडायची ती जशी वाट पाहत होती तशी वाट मी टेकडीकडे पाहून पाहिलेली आहे. मी म्हटलं, हाय, भरोशाचा हाय. हे तुझ्यासाठी म्हटलं नाही. म्हातारा तिथून तुमच्या घरी गेला आणि बोलणं ठरलं. तर रविवारी तुझा गूळ आहे, सकाळच्या मोटारीनं मेडशीला ये, हा निरोप द्यायला सोनीकाकीनं मला धाडलं. तोंडानं दिला असता तर हात उठला असता, म्हणून लिहून ठेवतो. मी रविवारी नसेन. जानरावची टोळी मेळघाटात चालली आहे, मी तिच्याबरोबर जातो आहे. शाळेची घंटा झालेली ऐकू आली, तू येशील. कागद तुझ्या उशीवर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच होतो,
उदयसिंग