एक थेंब गळणार नाही

५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.
श्रावण लागला. मासे बंद, राग बंद. मासे आईला दिलेल्या शब्दामुळे, राग नीलममुळे. गेल्या महिन्यात मी टीव्हीवर कुकर मारला (रिमोट चालत नव्हता, माणूस काय करणार?) आणि बायको भावाकडे गोरेगावला निघून गेली. अट साधी आहे. पंधरा दिवस काही फोडलं नाही, कोणावर हात उचलला नाही, तर ती नारळी पुनवेला वर्सोव्याला येणार, होडीतून फेरी मारणार आणि तिथूनच घरी. साक्षीदार सीताराम.

सीताराम म्हणजे वर्सोव्याचा कोळी, माझा जुना दोस्त. त्याने नव्या फायबरच्या होडीला मागे दोन इंजिनं लावलीत. पेट्रोलच्या टाकीपासून इंजिनापर्यंतचं पाइपिंग मी करतो म्हटलं. बावीस वर्षं अंधेरीत प्लंबिंग करतोय, माझ्या जॉइंटमधून एक थेंब गळलेला नाही. बाथरूम काय नि होडी काय, पाइप तो पाइप.
शांततेचा दिवस पहिला.

६ ऑगस्ट.
साकीनाक्याला सामान घेतलं. पाइप, क्लिपा, फिल्टर आणि एक रबरी फुगा. तो हाताने दाबला की पेट्रोल इंजिनात चढतं. दुकानदार हर्षद म्हणाला, फुग्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवा, काका. मला शिकवतो! त्याला कॉलर धरून काउंटरवरून अर्धा अलीकडे घेतला. नीट ऐकू यावं म्हणून. रॅक पडला तो त्याच्याच पायाने.
शांततेचा दिवस दुसरा.

८ ऑगस्ट.
सगळं जोडलं. इंजिन ढिम्म. फुगा दाबून अंगठा सुजला. सीताराम म्हणाला, बाण उलटा आहे. बाण सरळच होता, होडी उलटी उभी होती. मग फुगा माझ्या पायाखाली आला. चार-पाच वेळा. रबराला फोडणं म्हणत नाहीत, ते फाटतं. दुसरा आणला (दुसऱ्या दुकानातून).
दिवस चौथा. नीलम, बघ.

९ ऑगस्ट, नागपंचमी.
इंजिन सुरू! झकास! फक्त टाकीपाशी पेट्रोलचा वास. शोधलं, तर झाकणावर बारीक भोक. हवेसाठी म्हणे. आधी मला विचारलं असतं तर ठेवूच दिलं नसतं. त्यावर टेप गुंडाळली, वर इपॉक्सी थापलं. सीतारामची आई सुंदराबाई बाजूला जाळं शिवत होती. म्हणाली, बुजवू नको रे, पेट्रोल गेलं की आत हवा नको यायला? टाकी गुदमरेल. म्हातारीला टाकी म्हणजे म्हैस वाटते. हसलो. अजिबात रागावलो नाही. तिची दोऱ्याची पाटी फक्त लाथेने बाजूला केली. पाटी खाडीत गेली, पण ती ओहोटीमुळे.

११ ऑगस्ट, रविवार.
ट्रायल. दहा मिनिटं मस्त, मग दोन्ही इंजिनं गप. वल्ही मारत परत. पेट्रोल किती ते बघायला झाकण उघडलं, फुस्स आवाज झाला. पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, इंजिन लगेच चालू. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा गप. भंगार इंजिनं! एकाला जरा समजावलं. हातात पाना होता. कव्हर फुटलं. सीतारामला सांगितलं, पाना हातातून सुटला. तो म्हणाला, सात वेळा?
दिवस सातवा.

१५ ऑगस्ट.
फिल्टर बदलला, पाइप बदलला. तीच रड. सीताराम म्हणाला, इंजिनाच्या मेकॅनिकला बोलावतो. बावीस वर्षं! माझा हात वर गेला आणि तिथे नेमकं त्याचं तोंड होतं. दात पडला. हलतच असणार. त्यानेही वल्ह्याने माझी पाठ फोडली. मग दोघांनी रक्त धुतलं आणि जिलेबी खाल्ली, त्याने एका बाजूने. दोस्तीत हे चालतं. नीलमला तो काही बोलणार नाही.
दिवस अकरावा.

१८ ऑगस्ट, रविवार.
नीलमचा फोन. उद्या येते म्हणाली. खरंच शांत आहात ना हो? म्हटलं, चौदा दिवस, सीतारामला विचार. ती म्हणाली, मलाही घरी यायचंय. फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. चादर बदलली. वर्सोव्याला जाऊन टाकीचं झाकण मोठ्या पान्याने आवळलं, वर सगळीकडून इपॉक्सी. आता कोणाच्या बापाला उघडायचं नाही.

१९ ऑगस्ट, नारळी पुनव. रात्री १०.
नीलम आली. हिरवी साडी, केसात गजरा. होडीत माझ्या शेजारी बसली. सुंदराबाईने समुद्राला वाहायचा नारळ तिच्या हातात दिला.

खाडीच्या तोंडाशी इंजिनं गप. बाकीच्या होड्या वाजतगाजत पुढे, आमची जागच्या जागी गरगर. टाकीचे दोन्ही गाल आत गेलेले. मी इंजिनाला लाथ घातली. मग टाकीला. सीताराम अडवायला आला, त्याला. शिरा पडो तुझ्या इंजिनार, म्हटलं, आणि नीलमच्या हातातला नारळ हिसकून इंजिनावर फोडला. समुद्राचा नारळ.

सुंदराबाईने नीलमला कोयती दिली आणि झाकणाकडे बोट दाखवलं. म्हणाली, तेव्हाच सांगितलं होतं याला, भोक बुजवू नको. नीलमने टोकाने भोकावरचं इपॉक्सी उकरलं. फुस्स. टाकीचे गाल बाहेर आले. सीतारामने दोरी ओढली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. एकच. दुसरं नारळाने मेलं होतं.

किनाऱ्याला लागल्यावर नीलमने विचारलं, भावोजी, पंधरातले किती दिवस शांत होते? सीतारामने तोंड उघडून दाताची रिकामी जागा दाखवली. तिने मान हलवली. मला म्हणाली, अहो, म्हातारीचं एक वाक्य ऐकायचं होतं, एवढंच काम होतं. रिक्षा थांबवली आणि गोरेगावला गेली. गजरा होडीतच राहिला.

घरी आलो. सवयीने दोन कप चहा केला. वहीत लिहिलं, शांततेचा दिवस पहिला. लिहिता लिहिता तिचा कप पडून फुटला. हातातून सुटला. आज खरंच सुटला. पण खरं मानायला घरात कोणी नाही.