चाळिसाव्या ओळीखालील नावांबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
नेत्र रुग्णालय.

विषय : शस्त्रक्रियेच्या साप्ताहिक यादीचा प्रिंट एरिया नावांप्रमाणे आपोआप कमी-जास्त होईल असा करण्याची परवानगी मिळणे व माझ्या हातून घडलेल्या चुकीबाबत.

संदर्भ : १. 'यादीच्या मांडणीत विनापरवानगी बदल करू नये' हे आपले परिपत्रक. २. नेटक्या यादीबद्दल मला मिळालेले प्रशंसापत्र.

महोदय,

१) माझ्या आधी या टेबलावर असलेल्या बाईंनी संगणकातील यादीला एक फॉर्म्युला लावून ठेवला होता. तो भरलेल्या ओळी मोजायचा आणि तेवढ्याच ओळी कागदावर यायच्या; नावे वाढली की छपाईही वाढायची. पडद्याच्या कडेला त्यांची चिठ्ठी होती : "मार्जिन बदललं की फॉर्म्युला जातो. पुन्हा घालणे." चिठ्ठी कळकट दिसते म्हणून मी ती काढून टाकली. पुढे यादी एका पानात बसावी म्हणून मार्जिन कमी केले. त्या दिवशी नावे बरोबर चाळीस होती. तेव्हापासून कागद चाळिसाच्या पुढे गेलेला नाही. प्रशंसापत्र त्याच कागदाला मिळाले.

२) लहान मुलांना आधी बोलावता यावे म्हणून यादी वयाच्या चढत्या क्रमाने लागते. त्यामुळे खाली गळतात ती सर्वांत वयस्कर माणसे. त्यांत एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत, जन्मभर शिवणकाम केलेल्या. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकलेला; उशीर झाल्यास तोही जाईल, असे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले आहे. त्या सात सोमवार माझ्या खिडकीवर आल्या. "आजी, कागदावर नाव नाही म्हणजे नाही," असे मी सांगत राहिलो. त्या म्हणत, "नीट बघ ना बाळा. मला दिसत असतं तर तुला कशाला त्रास दिला असता?"

३) मंगळवारी प्रिंटरची शाई संपल्याने मी यादी पडद्यावरून हाताने उतरवली. चाळीस झाली तरी नावे संपेनात. सत्तेचाळिसाव्या ओळीत आजी होत्या. त्यानंतरचे तीन दिवस हा अर्ज लिहिण्यात आणि फाडण्यात गेले.

४) तरी फॉर्म्युला पुन्हा घालण्याची परवानगी द्यावी. राहिलेल्या सातही जणांना येत्या सोमवारी सर्वांत आधी घ्यावे. प्रशंसापत्र परत घ्यावे. शिवाय मला सात सोमवार बाहेरच्या बाकावर डोळ्यांना पट्टी बांधून बसवावे. पट्टी रुग्णालयाच्या साठ्यातली नको, माझी मी आणीन.

५) एक गोष्ट वर लिहायचे टाळले. चौथ्या सोमवारपासून मी यादी पाहिलीच नव्हती. आजींना ऐकू जावा म्हणून नुसता कागद वाजवत होतो. सातव्या सोमवारी जाताना त्या म्हणाल्या, "बाकीचे हाकलतात रे. तू दर वेळी बघतोस तरी."

हे त्यांना मला स्वतः सांगायचे आहे. त्यांच्या डोळ्यावरची पट्टी सुटेल त्या दिवशी, माझे तोंड त्यांना दिसत असताना. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी, ही विनंती.

आपला अपराधी,
नोंदणी लिपिक, खिडकी क्र. ३
शुक्रवार, दि. १४

सोबत : १. हाताने उतरवलेली यादी, सत्तेचाळीस नावे. २. प्रशंसापत्र, फ्रेमसह. ३. बाईंच्या चिठ्ठीतील मजकूर, आठवला तसा.